मीटरवर ४६ हजार, इंजिनात २,६८० तास

गेल्या वर्षी मी एक जुनी पोर्शे ९११ घेतली. २००६ सालची कॅरेरा एस, ३.८ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ३५५ हॉर्सपॉवर, सहा गिअरची मॅन्युअल. गाडी उत्तमच आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती विकणाऱ्याबद्दल. त्याने मीटर मागे फिरवलेली आणि इंजिन आतून दुखावलेली गाडी 'जपून वापरलेली' म्हणून माझ्या गळ्यात मारली. अशी गाडी घ्यायच्या विचारात कुणी असेल, तर टोकन देण्याआधी त्याने हे वाचावं म्हणून सगळं लिहितो आहे.

मीटरवर ४६,२०० किलोमीटर दिसत होते. सर्व्हिस बुक होतं, शिक्केही होते. सोबत एक छापील तपासणी अहवाल होता, त्यात प्रत्येक रकान्यापुढे बरोबरची खूण. तो अहवाल विकणाऱ्यानेच करून घेतला होता. तेव्हा ते मला सोयीचं वाटलं, आपला खर्च वाचला असं वाटलं. जो माल विकतो त्याच्याच माणसाने माल पास केला होता, एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही, कारण खरं सांगायचं तर गाडी घ्यायची हे मी घरून निघतानाच ठरवलं होतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा गाडी सुरूच होती. "तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवली, साहेब," तो म्हणाला. मला ते अगत्य वाटलं. गरम इंजिन बरंच काही लपवतं. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू होताना जो आवाज करते, पहिला मिनिटभर जशी थरथरते, तेच तर बघायचं असतं. या बॉक्सर इंजिनांमध्ये सिलिंडर आडवे असतात, त्यामुळे थंड असताना सुरू केल्यावर कधीकधी थोडा धूर येतो आणि लगेच विरतो. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण तो धूर किती वेळ राहतो आणि नंतर इंजिन एका सुरात चालतं का, हे गाडी थंड असल्याशिवाय कळत नाही.

माझ्या खिशात साधा ओबीडी रीडर होता, म्हणजे गाडीच्या कंप्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं छोटं यंत्र. तो लावला, एकही फॉल्ट कोड नाही. मी खूश झालो. त्याच स्क्रीनवर खाली दोन-तीन ओळींपुढे 'तयार नाही' असं दिसत होतं. त्याचा अर्थ मला तेव्हा माहीत नव्हता. फॉल्ट कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही कोऱ्या होतात आणि काही दिवस नीट चालवल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत. म्हणजे कुणीतरी नुकतेच कोड पुसले होते, किंवा बॅटरी काढून लावली होती. हे मला समोर लिहून दाखवलं जात होतं आणि मी वरची ओळ वाचून रीडर खिशात टाकला. सिग्नलला उभं असताना गाडीला बारीक थरथर होती. विचारलं, तर उत्तर आलं, "स्पोर्ट्स गाडीचं इंजिन आहे, ते असंच." मग, "दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी टोकन घेऊन येतंय." मी दुपारीच पैसे दिले. 'आहे त्या स्थितीत' असं लिहिलेल्या कागदावर सहीही केली.

चौथ्या दिवशी इंजिनचा दिवा लागला.

ज्या मेकॅनिककडे गाडी नेली, त्यांनी आधी काहीच उघडलं नाही. कंपनीच्या पद्धतीचा स्कॅनर लावला, इंजिनच्या कंट्रोल युनिटमधली माहिती काढली आणि एक कागद माझ्यापुढे ठेवला. एका आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा भागाकार तुम्हीच करा." इंजिन चाललेले तास होते २,६८०. मीटर म्हणत होता ४६,२०० किलोमीटर. भागाकार आला ताशी १७. सायकलचा वेग. अशा गाडीचा सरासरी वेग सगळी गर्दी, सगळे सिग्नल धरूनही साधारण ४०-४५ च्या घरात निघतो. त्या हिशेबाने गाडी लाखाच्या बरीच वर गेलेली होती. मीटर फिरवणाऱ्याने डॅशबोर्डवरचा आकडा बदलला, इंजिनच्या मेंदूतले तास मात्र तसेच राहिले. पुढे खटपट करून आधीच्या एका मालकाकडून जुनं सर्व्हिसचं बिल मिळालं. त्यावर तीन वर्षांपूर्वीचं रीडिंग १,०९,००० होतं. मला दिलेलं शिक्क्यांचं पुस्तक आलं कुठून, हे मला अजून कळलेलं नाही.

त्याच कागदावर दुसरी गोष्ट होती, आणि ती जास्त महागात पडली. या पिढीच्या ९११ मध्ये इंजिन ठरलेल्या मर्यादेच्या वर किती वेळा फिरलं याची नोंद सहा टप्प्यांत राहते, आणि प्रत्येक टप्प्यापुढे शेवटची घटना कितव्या तासाला घडली तेही असतं. खालच्या टप्प्यांत आकडे असले तर फारसं बिघडत नाही; जोरात चालवताना लिमिटरला, म्हणजे इंजिनला ठरलेल्या वेगापुढे जाऊ न देणाऱ्या यंत्रणेला, टेकलं की तिथे नोंद होते. चौथ्यापासून वरचे टप्पे वेगळे. लिमिटर इंधन तोडून इंजिनला आवरतो, पण पाचव्या गिअरमधून चौथ्यात जाताना चुकून दुसरा गिअर पडला तर चाकंच इंजिनला फिरवतात, तिथे लिमिटरचं काही चालत नाही. वाल्व वेळेवर बंद होत नाहीत आणि पिस्टन त्यांना गाठतो. माझ्या गाडीत पाचव्या टप्प्यात नोंद होती, २,६११ व्या तासाची. त्यानंतर इंजिन जेमतेम ६९ तास चाललं होतं. गाडी विकायला का काढली, ते मला त्या आकड्यावरून कळलं.

मग लीकडाउन चाचणी झाली. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये हवा भरतात आणि किती गळते ते मोजतात. निरोगी इंजिनात दहा टक्क्यांच्या आत असायला हवी. पाच सिलिंडर ठीक निघाले, एकात गळती तीस टक्क्यांवर. मेकॅनिक म्हणाले, "सायलेन्सरपाशी कान लावा." मी गुडघ्यावर बसलो. इंजिन बंद, सगळं शांत, आणि पाइपातून सायकलच्या ट्यूबमधून यावी तशी बारीक, न थांबणारी फुस्स ऐकू येत होती. हवा पाइपातून आली तर एक्झॉस्ट वाल्व, एअर फिल्टरच्या बाजूने आली तर इनटेक, आणि ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. माझा एक्झॉस्ट वाल्व वाकला होता. इंजिन उतरवून हेड, म्हणजे सिलिंडरवरचा वाल्व असलेला भाग, काढावं लागलं. गाडीला दिलेल्या पैशांच्या जवळपास निम्मे पुन्हा गेले.

ही सगळी तपासणी, स्कॅन, लीकडाउन आणि सिलिंडरच्या भिंती बघायला आत घातलेला बारीक कॅमेरा, एका दिवसात होते. दुरुस्तीच्या बिलापुढे तिचा खर्च किरकोळ असतो. २००५ ते २००८ च्या या ३.८ इंजिनांत तो कॅमेरा घालाच, कारण काही इंजिनांत सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे पडल्याचं सर्वज्ञात आहे. रंगाची जाडी मोजायचं यंत्रही मागून घ्या. कारखान्यातला रंग बहुधा १०० ते १५० मायक्रॉन असतो. एकाच दरवाजावर ३०० लागलं तर तिथे पुन्हा रंगकाम झालंय. टायरच्या कडेवर शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. माझ्या पुढच्या दोन टायरांवर ते वर्ष नऊ वर्षांपूर्वीचं होतं आणि विकणारा 'टायर नवेच' म्हणाला होता. तेवढं एक खोटं मी वाकून बघितलं असतं तर जागेवर पकडलं असतं, आणि मग बाकीच्याही शब्दांवर विश्वास ठेवला नसता. या गोष्टीचा मला अजून त्रास होतो.

विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं आहे. जुनं बिल, स्कॅनचा कागद आणि त्याची जाहिरात जोडून मी तक्रार दिली आहे. सही केलेला तो कागद आड येतोय, पण मीटर फिरवून गाडी विकणं ही फसवणूक आहे आणि 'आहे त्या स्थितीत' लिहिल्याने त्याला माफी मिळू नये यासाठी मी भांडणार आहे.

दरम्यान माझ्या भाच्याला तशीच गाडी घ्यायची आहे. पहिल्या विकणाऱ्याला त्याने फोनवरच इंजिनचे तास आणि त्या सहा टप्प्यांचा कागद मागितला. "आधी बघायला या, मग बोलू," असं दोनदा ऐकल्यावर तो गेलाच नाही. दुसऱ्याने त्याच संध्याकाळी कागद पाठवला: ६१,००० किलोमीटर, १,३९० तास, चौथ्यापासून पुढचे टप्पे शून्य. रविवारी सकाळी आम्ही दोघं बघायला चाललोय. लीकडाउनसाठी मेकॅनिकची वेळ आम्हीच घेतली आहे, आणि आम्ही पोहोचेपर्यंत गाडी सुरू करू नका, असं मालकाला सांगून ठेवलंय.