अभ्यासिकेसाठी घेतलेला सेकंडहँड स्विच आणि राउटर: वापरानंतरचा अनुभव

अभ्यासिकेत डझनभर संगणक, वर मुलांचे मोबाइल, आणि वर्गणीतून जमलेले मोजके पैसे. म्हणून सिस्कोचा कॅटॅलिस्ट २९६० स्विच (केबलने अनेक संगणक एकमेकांना जोडणारी पेटी) आणि टीपी-लिंकचा आर्चर सी७ राउटर, दोन्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुनेच आणले. उन्हाळ्यात बसवले, आता दिवाळी होऊन गेली. स्विचवर मी बेहद्द खूश आहे. राउटर चांगला आहे, पण तो निवडताना डोळे उघडे ठेवावे लागतात.

स्विच घेताना गिगाबिटच्या (सेकंदाला १००० मेगाबिट वेगाच्या) मागे लागलो नाही. आमची इंटरनेटची लाइनच १०० एमबीपीएसची. या मॉडेलला १०/१०० चे (म्हणजे १० किंवा १०० एमबीपीएसचे) २४ पोर्ट आणि गिगाबिटचे २. त्यातल्या एकावर प्रश्नपत्रिका आणि व्याख्यानं साठवलेला संगणक जोडलाय. सगळी मुलं एकदम व्हिडिओ लावतात तरी अडत नाही.

दुकानात नुसते दिवे लागलेले पाहून पैसे देऊ नका. लॅपटॉप आणि कन्सोल केबल (स्विचची सेटिंग बघायला लॅपटॉप थेट जोडणारी) घेऊन जा. आधीच्या मालकाचा पासवर्ड बहुधा तसाच असतो. समोरचं ‘मोड’ बटण दाबून धरत वीज द्यायची, म्हणजे स्विच मध्येच थांबतो आणि जुन्या सेटिंगची फाइल बाजूला करता येते. व्हीलॅनची (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्क पाडायच्या सोयीची) माहिती वेगळ्या फाइलमध्ये असते, तीही पुसा. मग एकेका पोर्टवरून मोठी फाइल पाठवून ‘शो इंटरफेसेस’ या कमांडमध्ये सीआरसी एररचा (वाटेत बिघडलेल्या डेटाचा) आकडा बघा. केबल बदलूनही तो वाढतच राहिला तर तो पोर्ट कामातून गेलाय, तेवढी किंमत पाडून मागा. दुकानदार कुरकुरला तरी हे सगळं तिथेच करून घ्या.

एक अडचण मात्र आहे: पंखा. अभ्यासिकेत तो आवाज चालणारच नाही, म्हणून स्विच जिन्याखालच्या खोलीत गेला. रात्री टाळं लावताना तो बंदही करतो.

राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी चालणारं मुक्त सॉफ्टवेअर) टाकलंय. आमच्या व्ही५ ला (सी७ च्या पाचव्या हार्डवेअर आवृत्तीला) १६ एमबी फ्लॅश (सॉफ्टवेअर साठवायची जागा) आणि १२८ एमबी रॅम आहे, म्हणून ते नीट चालतं. शेजारीच निम्म्याहून कमी किमतीत ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमचे राउटर पडलेले असतात, त्यांवर हल्लीची आवृत्ती बसत नाही. स्वस्त वाटले तरी घेऊ नका. एसक्यूएम (सगळ्यांचा डेटा रांगेत नीट सोडणारी सोय) लावून वेग लाइनपेक्षा थोडा कमी बांधून दिला, तेव्हापासून एकाचं डाउनलोड चालू असताना दुसऱ्याचा ऑनलाइन क्लास अडखळत नाही.

पावसाळ्यात राउटर संध्याकाळी आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला. दोष राउटरचा नव्हता, दुकानातून मिळालेल्या १२ व्होल्टच्या लोकल अडॅप्टरचा होता. लोड आला की व्होल्टेज खाली यायचं. चांगला अडॅप्टर लावल्यावर तक्रार संपली. त्याचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा.

आता वरच्या मजल्यासाठी युबिक्विटीचा यूएपी-एसी-लाइट हा वाय-फाय अॅक्सेस पॉइंट बघतोय. त्याचे सुरुवातीचे नग फक्त २४ व्होल्टच्या पॅसिव्ह पीओईवर (नेटवर्क केबलमधूनच मिळणाऱ्या विजेवर) चालतात, नंतरचे ८०२.३एएफ या प्रमाणित पीओईवरही. त्यामुळे इंजेक्टरसकट (केबलमध्ये ती वीज सोडणाऱ्या डबीसकट) देणाऱ्याकडूनच घेणार.