कूलरच्या वर्कशॉपमध्ये जपानी चिलखताचं काम: माझा अनुभव

इतवारीत लोहाओळीच्या मागच्या गल्लीत कूलरच्या बॉड्या करणारं एक छोटं वर्कशॉप आहे. पाटी नाही, बाहेर रचलेल्या जाळ्या आणि टाक्या हीच खूण. फेब्रुवारीपासून पहिल्या पावसापर्यंत तिकडे जाऊ नका, त्या दिवसांत अख्ख्या नागपूरला कूलर हवा असतो. मी जुलैत गेले. काका निवांत होते. माझा पुठ्ठ्याचा नमुना त्यांनी हातात घेतला, दोनदा वाकवून पाहिला आणि विचारलं, "हा कमरेवर बसते का पोटावर?" काम इथेच द्यायचं हे माझं तेव्हाच ठरलं.

मी महालात शिवणक्लास चालवते आणि तीन वर्षांपासून फावल्या वेळात चिलखतं करते. या वेळी ओकेगावा-दो घेतलंय. 'ओके' म्हणजे लाकडी पिंप. पिंपाच्या फळ्या जशा एकमेकींना बिलगून बसतात, तशा लोखंडी पट्ट्या जोडून केलेलं हे छातीचं कवच. त्याआधीची जपानी चिलखतं बारीक खवले रेशमी दोऱ्यांनी ओवून करत. ती ओवण पावसात भिजून जड व्हायची, चिखल आणि उवा धरायची. १५४३ मध्ये पोर्तुगिजांबरोबर तानेगाशिमा बेटावर बंदूक पोचली, फौजा वाढत गेल्या, आणि गोळीपुढे जास्त टिकेल, लवकर तयार होईल असं घट्ट कवच लागू लागलं. मग पट्ट्या रिव्हेटनं, म्हणजे भोकातून घालून टोक ठोकून बसवलेल्या खिळ्यांनी, पक्क्या होऊ लागल्या. पट्ट्या आडव्या असतील तर त्या कवचाला योकोहागी म्हणतात. माझं तेच आहे: पोटाभोवती पाच पट्ट्या, छातीवर तीन. पुढचा आणि मागचा भाग वेगळा, घालणाऱ्याच्या डाव्या बाजूला बिजागरी, उजवीकडे बांधायची दोरी.

इथे येण्याआधी मी दुसऱ्या एका ठिकाणी लेसरवर पट्ट्या कापून घेतल्या होत्या. नाव लिहीत नाही. भोकंही सपाट पत्र्यावरच पाडून मिळाली, सारख्या अंतरावर, अगदी देखणी. पट्ट्या गोल वळवून एकीवर एक ठेवल्या, तर मधलं भोक जुळलं आणि कडेची सरकली. विचारलं तर उत्तर मिळालं, ड्रॉइंग तुमचंच होतं. ते खरं होतं. पण रोज वाकवण्याचं काम करणाऱ्या माणसानं एका शब्दानं तरी सांगायला हवं होतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

कारण साधं आहे, आणि शिवणाऱ्या बाईला ते आधी सुचायला हवं होतं. कॉलर करताना वरचा कापड आतल्यापेक्षा किंचित मोठा ठेवतो, कारण घडीवर त्याला जास्त वाट चालावी लागते. पत्र्याचं तेच. पत्रा १.२ मिलिमीटर जाडीचा असेल, तर पुऱ्या अर्धगोलात बाहेरच्या पट्टीला आतलीपेक्षा जवळपास पावणेचार मिलिमीटर जास्त लांबी लागते. रिव्हेट ४ मिलिमीटरचं. म्हणजे मधून सुरुवात केली, तरी दोन्ही कडांना जवळजवळ अर्धं अर्धं भोक चुकतं.

काकांना हे गणित मांडून दाखवावं लागलं नाही. "पहिले मधातलं भोक," ते म्हणाले, "मग एक इकडे, एक तिकडे. कोपऱ्याची घाई नाही करायची ताई." त्यांनी दोन पट्ट्या वळवून एकीवर एक धरल्या, मधलं भोक दोन्हींतून एकदम पाडलं, नट-बोल्ट घातला, मग शेजारचं भोक, पुन्हा बोल्ट. आठही पट्ट्या आधी बोल्टवर उभ्या केल्या. मला तो कच्चा टाकाच वाटला. कवच अंगावर धरून पाहिलं, बगलेत टोचत होतं तिथे खूण केली, पट्टी काढून कापली, परत बसवली. त्यानंतर एक बोल्ट काढायचा, एक रिव्हेट ठोकायचं. पुढच्या भागाला त्रेचाळीस लागली.

पट्ट्यांचा आकारही त्यांनी बिघडू दिला नाही. कंबर छातीपेक्षा अरुंद, म्हणून पोटाच्या पट्ट्या सरळ कापून चालत नाहीत. घेरदार स्कर्टच्या योकसारख्या किंचित कमानीत कापाव्या लागतात, नाहीतर कवच डब्यासारखं उभं राहतं. कूलरच्या पंख्याची रिंग वळवायचा हातरोलर त्यांच्याकडे आहे. त्यावर एक बाजू जरा जास्त आवळून त्यांनी त्या पट्ट्या बरोबर निमुळत्या वळवल्या.

दोन गोष्टींसाठी मला अडून बसावं लागलं. ते कूलरचाच जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, पत्रा द्यायला निघाले होते. तो फार पातळ, शिवाय मला पुढे बिजागरीच्या पट्ट्या तापवून वाकवायच्या आहेत, आणि जस्ताचा धूर छातीत जाणं वाईट. मी अठरा गेजचा, म्हणजे तोच १.२ मिलिमीटरचा, साधा काळा पत्रा लोहाओळीतून आणून दिला. दुसरं म्हणजे पॉप रिव्हेट. ती आतून पोकळ असतात, कवचाला नकोत. भरीव रिव्हेट म्हटल्यावर मात्र काकांचा चेहरा उजळला. वडिलांच्या वेळी त्यांच्याकडे लोखंडी पेट्या व्हायच्या, त्यांना भरीव 'रिपिट'च लागायचं. डोकं घडवायला रिव्हेटचा दांडा त्याच्या स्वतःच्या जाडीच्या दीडपट, म्हणजे ६ मिलिमीटर, बाहेर ठेवायचा हेही त्यांनी बोटावर मापून दाखवलं. डोकी मी दिसतीच ठेवली आहेत. काही जपानी कारागीर ती घासून सपाट करत आणि वर लॅकरचा, म्हणजे झाडाच्या चिकाचा, लेप देत. मला टपोऱ्या डोक्यांची रांग आवडते.

तक्रारी आहेत. कापलेल्या कडांची धार त्यांनी घासली नाही, माझ्या तीन संध्याकाळी कानस चालवण्यात गेल्या आणि एकदा अंगठा कापला. दुसऱ्या पट्टीवर रोलरचा ओरखडा आला, तो त्यांनी न सांगताच ठोकून काढला. फोन उचलत नाहीत. पक्कं बिल मिळत नाही. मजुरी अठराशे रुपये झाली, पत्रा वेगळा. चार दिवस मी शेजारी स्टुलावर बसून होते, एकदाही कुणी "बाई, तुम्ही जा, आम्ही करतो" म्हणालं नाही.

पुढचा भाग सव्वादोन किलोच्या आसपास भरला. आत फेल्ट चिकटवलंय, बाहेर रेड ऑक्साईड मारून ठेवलंय. पाचपैकी चार. एक गुण कडांसाठी कापला.

मागच्या भागाचा पुठ्ठा कापून तयार आहे, दसरा झाला की नेणार. जाणार असाल तर पुठ्ठ्याचा पूर्ण आकाराचा नमुना घेऊन जा, प्रत्येक पट्टीच्या मध्यावर रेघ मारून. काका सगळ्यात आधी तीच शोधतात.