कॅराव्हॅन आमची, कर्ज दुसऱ्याचं

ब्रिटनमध्ये जुनी कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन, ती गाडीमागे जोडून युरोप फिरायचा बेत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. आमचे ११,५०० पौंड अडकले आहेत.

आम्ही लेस्टरला राहतो. आई-बाबा साताऱ्याहून येणार होते. बाबांना मधुमेह, आईचे गुडघे दुखतात. रोज नव्या हॉटेलात सामान चढवा-उतरवायला नको आणि जेवण घरचं मिळावं, म्हणून कॅराव्हॅन. हल बंदरातून रात्रीच्या बोटीने रॉटरडॅम, पुढे जर्मनी, डेन्मार्क आणि ओरेसुंडचा पूल ओलांडून स्वीडन, असा मार्ग ठरला. बोटीची तिकिटं काढली, आई-बाबांच्या शेंगेन व्हिसाचे अर्ज केले.

विकणाऱ्याने पहिल्याच फोनवर आमच्या तारखा विचारून घेतल्या. मग त्याच तारखा पुढे करून घाई लावली: बोटीआधी सर्व्हिसिंग व्हायला हवं, याच आठवड्यात घेऊन जा.

माणूस बोलायला अतिशय सभ्य. कॅराव्हॅन त्याच्या घरासमोरच उभी. ओल मोजायचं मीटर त्यानेच आणून कोपऱ्याकोपऱ्यात लावून दाखवलं. चासीवरचा १७ अक्षर-अंकांचा क्रमांक खिडकीच्या काचांवर कोरलेल्या क्रमांकाशी जुळत होता. क्रिस, म्हणजे कॅराव्हॅनची नोंद ठेवणारी संस्था, तिच्या नोंदणीपत्रावर त्याचंच नाव. शिवाय कर्ज नसल्याचा तपासणी अहवाल छापून तयार. फसवणूक त्या कागदात होती. अहवाल खराच, पण त्याने कर्ज काढण्याआधीचा. वरची तारीख तेवढी बदललेली.

नोंदणी आमच्या नावावर करायला गेलो तेव्हा कर्ज पुढे आलं. थोड्याच दिवसांत कर्ज देणाऱ्या कंपनीचं पत्र आलं: हप्ते थकलेत, कॅराव्हॅन आमची आहे, परत द्या. विकणाऱ्याचा फोन तोवर बंद झाला होता.

मला सगळ्यात जास्त धक्का कायद्याने दिला. हप्त्यांवर घेतलेली मोटारगाडी कुणी तुम्हाला विकली आणि कर्जाची तुम्हाला कल्पना नव्हती, तर १९६४ चा हायर परचेस कायदा साध्या ग्राहकाला संरक्षण देतो, गाडी तुमचीच राहते. पण त्या कायद्यातली मोटारगाडी म्हणजे यंत्रावर चालणारं वाहन. गाडीमागे ओढायच्या कॅराव्हॅनला इंजिन नसतं, त्यामुळे ते संरक्षण तिला मिळत नाही. तिला गाडीसारखं डीव्हीएलएचं (वाहन नोंदणीच्या सरकारी खात्याचं) लॉगबुक, म्हणजे नोंदणीचा कागदही नसतो. मागे पाटी लागते ती ओढणाऱ्या गाडीच्या क्रमांकाची. आणि क्रिसचं पत्र कॅराव्हॅन कुणाच्या ताब्यात आहे एवढंच सांगतं. मालक कोण, हे त्यावरून ठरत नाही. इतकी महाग वस्तू आणि मालकीचा एकही सरकारी कागद नाही, हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

१६ डिसेंबर २०२१ पासून साध्या कारच्या लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, वेगळी परीक्षा लागत नाही. त्यामुळे आपल्यापैकी अनेकांना हा प्रवास आता सोपा वाटतो. जा जरूर. पण क्रिसची तपासणी स्वतःच्या कार्डाने, पैसे द्यायच्या दिवशीच करा. विकणाऱ्याने हातात दिलेला अहवाल कितीही खरा दिसला तरी बाजूला ठेवा. मूळ खरेदीची पावती मागा. कर्ज निघालं, तर उरलेली रक्कम थेट त्या कंपनीला भरा आणि फेडीचं पत्र हातात आल्यावरच बाकीचे पैसे द्या. चार पैसे जास्त गेले तरी डीलरकडून घेणं बरं, कारण विकायचा हक्क आपल्याकडे असल्याची कायदेशीर जबाबदारी २०१५ च्या ग्राहक कायद्याने त्याच्यावर असते.

रोख मुळीच देऊ नका. आम्ही सगळे पैसे बँकेतून पाठवले होते, म्हणून निदान दावा करता आला. ७ ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवणुकीत बँकांना ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यावी लागते. बँक आधी म्हणाली, हा तुम्हा दोघांमधला खासगी वाद आहे. तारीख बदललेला अहवाल आणि मूळ अहवाल शेजारी ठेवून दाखवल्यावर त्यांनी फसवणूक म्हणून प्रकरण उघडलं. दाव्याची मुदत शेवटची रक्कम पाठवल्यापासून १३ महिने आहे. कुणाचं असं प्रकरण अडकलं असेल, तर पहिल्या नकारावर थांबू नका, लेखी तक्रार करा.