भरलेला ट्रेलर घेऊन विक्रोळीहून गावी: नऊ महिने वापरल्यानंतर

बेस्टमध्ये ३१ वर्षे बस चालवली. त्यामुळे बोलेरोच्या मागे दोन चाकांचा ट्रेलर बांधून गावी जाणे म्हणजे पोरखेळ, असं मला वाटत होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना हसायला मोकळे.

ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोली: दोघांचा पलंग, ओटा, छोटा फ्रिज, १०० लिटरची टाकी. जुना घेतला, ३ लाख ८० हजारांना. गावच्या घराचं छप्पर उतरवायचं होतं, तोवर त्यात राहायचं. इथवर हिशोब बरोबर होता. चुकलो ते पुढे. एवढी खोली रिकामी कशाला न्यायची, टेम्पोचं भाडं वाचेल, म्हणून कन्नमवार नगरातलं अर्धं घर तिच्यात कोंबलं. सहा दिवस तो इमारतीखाली उभा होता. मुलांनी त्यात घर-घर मांडलं आणि सेक्रेटरींनी रोज ‘कधी हलवताय?’ विचारलं.

कागदांचं एवढंच सांगतो: ट्रेलरची नोंदणी गाडीहून वेगळी असते. जुना घेताना त्याचं स्वतःचं आरसी बुक बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

निघायच्या दिवशी ऐरोली पुलावरून पुढे गेलो आणि कळंबोलीला वजनकाटा दिसला म्हणून वळलो. ट्रेलर सोडून एकटाच काट्यावर चढवला. ट्रेलरच्या पाटीवर लिहिलेलं: रिकामा ६२० किलो, भरून जास्तीत जास्त ९५०. काट्यावर आकडा आला १,१४०. काटेवाला म्हणाला, “काका, लोखंड भरलंय का?” लोखंड नव्हतं. टाकी काठोकाठ होती, म्हणजे १०० किलो तिथेच. ती मोकळी सोडली. उरलेल्या ९० किलोंसाठी पुस्तकांचे चार खोके आणि आईचा दगडी पाटा-वरवंटा मेहुण्याकडे कामोठ्याला उतरवला. आई आधीच रेल्वेने गावी गेली होती, ते बरं झालं.

वजन उतरलं की काम झालं, असं वाटलं. वडखळ ओलांडल्यावर एक लक्झरी बस भर्रकन शेजारून गेली आणि मागचा ट्रेलर शेपूट हलवायला लागला. डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक वेळी थोडा जास्त. स्टिअरिंग हातात असून गाडी आपली नाही, असं ३१ वर्षांत पहिल्यांदा वाटलं. ब्रेकवर जाणारा पाय कसाबसा आवरला. अशा वेळी जोरात ब्रेक मारला, स्टिअरिंग उलटसुलट फिरवलं, तर ट्रेलर आडवाच होतो. ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं, तेव्हा कुठे तो शांत झाला. बायको टपरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, “अहो, ते कपाट मागे का ठेवलंत?”

तिचंच बरोबर होतं. जड कपाट चाकांच्या मागे होतं. मागे भार पडला की पुढचं टोक उचललं जातं आणि हुकावर वजनच राहत नाही. तिने हट्टाने घेतलेला बाथरूममधला वजनकाटा काढला, त्यावर लाकडी ठोकळा ठेवून ट्रेलरचं टोक टेकवलं: ३५ किलो. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार तिथे हवा, म्हणजे आमच्या हिशोबाने ९५ तरी. चहा होईपर्यंत कपाट चाकांच्या थोडं पुढे सरकवलं, गाद्या मागे टाकल्या. काटा शंभराच्या आसपास आला. तिथून चिपळूणपर्यंत कितीही बस गेल्या तरी ट्रेलर डुलला नाही.

बाकी रस्ता महामार्गावर जातो तसाच गेला. माणगावात तासभर अडकलो. कशेडीचा जुना घाट टाळून बोगद्यातून गेलो. या ट्रेलरचे ब्रेक गाडी हळू झाली की तो पुढे ढकलला जाऊन आपोआप लागतात. उतारावर तो सतत ढकलतो, म्हणून ब्रेक तापतात. परशुराम घाट उतरताना जळका वास आला, तसा दुसरा गिअर टाकून खाली आलो.

खरी अब्रू गेली ती गावात. आमच्या आळीत दोन्हीकडे जांभ्याचे गडगे, मधून जेमतेम गाडी जाते. ट्रेलर रिव्हर्समध्ये स्टिअरिंगच्या उलटा वळतो. चुलतभाऊ समोर उभा राहून “येऊ दे, येऊ दे” करत होता आणि मी गडगा पाडला. मग एका ट्रॅक्टरवाल्या पोराने शिकवलं: हात स्टिअरिंगच्या तळाला धरायचा, ट्रेलर ज्या बाजूला हवा त्या बाजूला हात न्यायचा. तो पोरगा विशीतला होता. गावात अजून सगळे ट्रेलरला ट्रॉलीच म्हणतात.

राहायला मात्र झकास. वासे, रीप वाळवीने खाल्लेले, ते बदलून कौलं चढवेपर्यंत साडेचार महिने आम्ही दोघं त्यात राहिलो. आई चुलत्यांकडे. बॅटरी १०० एएचची (अँपिअर-तास), बारा व्होल्टची. कागदावर १,२०० वॅट-तास, पण लेड-ॲसिड निम्म्याहून जास्त उपसू नये, म्हणजे हातात ६००. दोन पंखे आणि दिवे निघतात. फ्रिज रात्रभर चालवला की सकाळी पंखा मरगळतो. संडासाची टाकी उपसायला आठवड्यात कंटाळलो आणि जुना बाहेरचा वापरला.

सावलीसाठी फणसाखाली उभा केला होता. एप्रिलमध्ये एक फणस पडला तो थेट छताच्या खिडकीवर. रात्री अडीचला बॉम्ब पडल्यासारखा आवाज. तेव्हापासून झावळ्यांचा मांडव घातलाय, फणसापासून लांब.

मे महिन्यात एका बाजूला कलंडल्यासारखा दिसला. बहादूरशेख नाक्याजवळच्या गॅरेजवाल्याने खाली वाकून बघितलं: डावीकडचा कमानपाटा, म्हणजे चाकावरची पट्ट्यांची स्प्रिंग, चिरलेला. “ओव्हरलोड आणलात ना?” आईचा पाटा कामोठ्याला उतरवला होता, पण विक्रोळी ते कळंबोली १९० किलो जास्त ओढले होते आणि आमचे खड्डे सगळ्यांना माहीत आहेत. दोन्ही बाजूंचे बदलून घेतले. त्यात टेम्पोच्या भाड्याहून जास्त गेले. कपाटांची बिजागरंही त्याच प्रवासात ढिली झाली. ट्रेलर बनवणाऱ्याला फोन केला, तर वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच, असं उत्तर मिळालं. ते ठीक, पण सांध्यांचं सिलिकॉन दोन पावसांत सुटतं, हे त्याचंच पाप. आषाढात पलंगाच्या डोक्याशी पाणी आलं, प्लायवर बुरशी धरली. आता ट्रेलर जॅकवर उचलून टायरवरचा भार काढलाय, बॅटरी सोडवून ठेवलीय. उंदराने मागच्या दिव्याची वायर खाल्ली ती खाल्लीच.

घर हलवायला घेत असाल, तर घेऊ नका. सामानासाठी टेम्पो करा. घराचं काम होईपर्यंत राहायला हवा असेल, तर जरूर घ्या, पण रिकामा आणा, टाकीसुद्धा रिकामी. मी पुन्हा घेतला असता का? हो. बायकोला विचाराल, तर ती फणसाची गोष्ट सांगेल.

गणपतीला विक्रोळीहून पाहुणे येतायत, त्यांची झोपायची सोय त्यातच. कपाटाच्या दारांना सुतळी बांधलीय. पाटा-वरवंटा मेहुण्याने एसटीने पाठवला, पुस्तकांचे चारही खोके अजून कामोठ्यातच आहेत.