वाळवंटातली संध्याकाळ: दुबईची की जैसलमेरची?

डिसेंबरच्या सुट्टीचे बेत मुंबईत दिवाळीचा फराळ संपण्याआधीच आखले जातात, आणि अलीकडे त्या बेतांत वाळवंटातली एक संध्याकाळ हमखास असते. दुपारी निघायचे, वाळूच्या टेकड्यांत शिरायचे, उंटावर बसायचे, सूर्यास्त पाहायचा, तंबूंच्या मधल्या चौकात जेवायचे आणि नाचगाणे पाहून परतायचे, असा तिचा साचा ठरलेला आहे. मुंबईकराला अशी संध्याकाळ मुख्यतः दोन ठिकाणी मिळते: एक दुबईच्या वाळवंटात आणि दुसरी जैसलमेरजवळच्या सम किंवा खुरी या गावी. दोन्ही सहली मी कुटुंबासह केल्या आहेत. दुबईला बहीण, मेहुणे आणि त्यांची दोन मुले बरोबर होती, तर जैसलमेरला माझे सासू-सासरे होते. जाहिरातींत या दोन्ही सहली अगदी सारख्या दिसतात. प्रत्यक्षात मात्र दुबईच्या संध्याकाळचा जीव मोटारीत आहे आणि जैसलमेरच्या संध्याकाळचा जीव गाण्यात आहे. उंट दोन्हीकडे आहे, पण दोन्हीकडे तो आपण समजतो त्यापेक्षा कमी वेळ वाट्याला येतो. निर्णय घेताना ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी, दराची तुलना त्यानंतर करावी.

प्रवासाचा हिशेब प्रथम उरकून टाकू. दुबई परदेशात असली तरी घड्याळाने जवळ आहे: विमान सव्वातीन तासांच्या आसपास घेते आणि तिथली वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असल्यामुळे सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत हॉटेलात पोहोचलेला असतो. व्हिसा मात्र आधी काढावा लागतो आणि पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी लागते. जैसलमेर आपल्याच देशात आहे, पण वाट लांबची आहे. वांद्रे टर्मिनसहून सूर्यनगरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून जोधपूर गाठायचे आणि तिथून मोटारीने आणखी सुमारे पाच तास जायचे, ही सर्वांत रुळलेली पद्धत आहे. म्हणजे हाताशी तीन-चारच दिवस असतील तर जैसलमेरची घाई करू नये. त्या प्रवासात वृद्ध माणसे थकतात आणि वाळवंटात पोहोचल्यावर त्यांचे लक्ष गाण्यात नव्हे, अंथरुणात असते.

आता मोटारीविषयी. दुबईत दुपारी अडीच-तीनच्या सुमारास लँड क्रूझरसारखी दणकट गाडी हॉटेलच्या दारात येते आणि पाऊण तासाच्या अंतरावरील लाल वाळूच्या टेकड्यांकडे, बहुतेक वेळा लहबाबच्या बाजूला, घेऊन जाते. वाळूत शिरण्यापूर्वी सगळ्या गाड्या एका ठिकाणी थांबतात. आमचा चालक चारही चाकांपाशी आळीपाळीने उकिडवा बसला आणि हवा सोडू लागला. सू सू असा आवाज बराच वेळ चालला होता, आणि टायर डोळ्यांदेखत पसरट होत होते. हवा जवळजवळ निम्मी केल्यावर टायरचा अधिक भाग वाळूवर टेकतो आणि गाडी रुतत नाही, हे त्याने माझ्या भाच्याला हाताचा पंजा वाळूवर पसरून दाखवले. त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटे गाडी टेकडीच्या कडेवर तिरकी चढते, क्षणभर समोर फक्त आकाश दिसते आणि मग ती सरळ खाली घसरते. दहा-बारा वर्षांच्या मुलांना याच्याइतका आनंद दुसऱ्या कशात मिळत नाही. मात्र ज्याला एरवी घाटात गाडी लागते, त्याने दुपारचे जेवण हलके घ्यावे, कारण माझी बहीण याच वीस मिनिटांत इतकी बेजार झाली की पुढच्या जेवणाला तिने हातही लावला नाही. गरोदर स्त्रिया, पाठीचे किंवा मानेचे दुखणे असलेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले आणि अगदी लहान मुले यांनी हा भाग टाळलाच पाहिजे. अशांना थेट कॅम्पवर सोडण्याची सोय असते, पण त्यासाठी स्वतंत्र गाडी ठरवलेली असावी लागते. सहा अनोळखी प्रवाशांच्या सामायिक गाडीत ही मागणी ऐनवेळी करता येत नाही, आणि आरक्षणाच्या वेळी कोणी ती आपणहून सांगतही नाही.

जैसलमेरलाही जीपमधून वाळूत फिरवतात, पण जे दुबईला जाऊन आले आहेत त्यांनी त्यासाठी वेगळे पैसे देऊ नयेत असे मला वाटते. समची वाळू शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे आणि टेकड्यांचा पट्टा तुलनेने लहान आहे. नाताळच्या आठवड्यात त्यावर जीप, उंट, चहाच्या टपऱ्या आणि छायाचित्रे काढणारी मंडळी यांची इतकी दाटी होते की सूर्यास्ताच्या वेळी गिरगाव चौपाटीवरील विसर्जनाच्या गर्दीची आठवण यावी. खुरी हे नैर्ऋत्येचे गाव मात्र अजून बरेच शांत आहे. तिथे टेकड्या तितक्या उंच नाहीत, पण त्यांवर बसून वाऱ्याने वाळूवर उमटवलेल्या रेघा पाहायला मिळतात आणि मध्येच कोणी हॉर्न वाजवत नाही. मला निवड करायची झाली तर मी प्रत्येक वेळी समऐवजी खुरी निवडेन.

उंटाविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण सहलीचे नाव त्याच्यावर चालते. दुबईच्या सर्वसाधारण सहलीत उंटावरची फेरी कॅम्पच्या कुंपणालगत असते आणि ती पाच मिनिटांच्या आतच संपते. चार-पाच उंट एकामागे एक दोरीने बांधलेले असतात, दोन माणसे एका उंटावर बसतात, एक चक्कर होते, छायाचित्र निघते आणि पुढची रांग सरकते. जुहूच्या वाळूत लहानपणी घोड्यावर बसवत, तेवढाच तो वेळ. जैसलमेरला हीच फेरी अर्ध्या तासाची, एका तासाची किंवा ठरवल्यास दोन तासांची असू शकते. तुमचा उंटवाला उंटाच्या शेजारून चालत असतो आणि त्याच्याशी बोलताही येते. चढताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे स्वार एकदम पुढे कलंडतो. बसताना तो पुढचे गुडघे आधी टेकतो, तेव्हाही तोल पुढेच जातो. म्हणून दोन्ही वेळा अंग मागे रेलून खोगिराचा दांडा घट्ट धरायचा. माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्याने त्यांना उंटावर बसवणे शक्यच नव्हते, आणि त्या तंबूतच थांबतो म्हणाल्या. तेव्हा उंटवाल्याने आपल्या भावाची उंटगाडी आणली, तिच्यावर गादी आणि सतरंजी घातली आणि म्हणाला, “माजी, यावर बसा, उंट तुमच्यापुढे चालेल.” सूर्य बुडेपर्यंत सासूबाई त्या गाडीवर पाय पसरून बसल्या होत्या. ही सोय मागितली की मिळते, पण मागावी लागते.

बसण्यापूर्वी जनावराकडे नीट पाहावे. खोगिराखाली जखम आहे का, वेसणीपाशी रक्त साकळलेले आहे का, पाय ओढतो आहे का, हे कळायला पशुवैद्य असावे लागत नाही. राजस्थान सरकारने २०१४ मध्ये उंटाला राज्य प्राण्याचा दर्जा दिला, तरी २०१९ च्या पशुगणनेत देशातील उंटांची संख्या अडीच लाखांवर आली, म्हणजे २०१२ च्या तुलनेत सुमारे ३७ टक्क्यांनी घटली. शेतीत आणि ओझे वाहण्यात त्याची जागा ट्रॅक्टरने घेतली, आणि चराईची कुरणेही आटली. त्यामुळे सम-खुरीच्या अनेक उंटवाल्यांचा हंगाम पर्यटकांवरच अवलंबून असतो. कॅम्पच्या पॅकेजमध्ये उंट ‘समाविष्ट’ असतो तेव्हा त्या माणसाच्या हातात किती पडते हे आपल्याला दिसत नाही. म्हणून मी लांबची फेरी वेगळी, त्याच्याशीच बोलून ठरवते आणि पैसे त्याच्या हातात देते.

जेवणात फरक मोठा आहे. दुबईच्या कॅम्पवर आल्याआल्या खजूर आणि वेलदोडा घातलेली अरबी कॉफी मिळते. आपल्या कडक चहाची सवय असलेल्यांना ती पातळ वाटते, पण चव रेंगाळते. रात्रीचे जेवण निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाचे असते आणि सोबत हम्मस, सॅलड, भात, नान असा बुफे असतो. शाकाहारी मंडळींसाठी वेगळे टेबल असल्याचे सांगितले जाते. आमच्या सहलीत मात्र त्या टेबलावर पनीरचे चार तुकडे आणि वरण उरले होते, कारण रांग उशिरा लागली. जैन जेवण हवे असल्यास ते आधी लेखी सांगावे आणि कॅम्पवर पोहोचताच आचाऱ्याला भेटून खात्री करून घ्यावी. जैसलमेरकडे बहुतेक कॅम्पवर स्वयंपाक शाकाहारीच असतो: दाल-बाटी-चुरमा, गट्ट्यांची भाजी, केर-सांगरी, बाजरीची भाकरी. केर ही वाळवंटातल्या काटेरी झुडपाची छोटी फळे, सांगरी ही खेजडीच्या म्हणजे शमीच्या शेंगा. त्या वाळवून ठेवतात आणि वर्षभर वापरतात. दसऱ्याला ज्या शमीची आपण पूजा करतो तिची भाजी ताटात पाहून माझे सासरे फार वेळ तिच्याविषयीच बोलत होते. बाटी तुपात बुडवलेली असते, तेव्हा मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी पहिल्याच वाढीला हात आखडता घ्यावा.

आणि आता गाणे, ज्याच्यासाठी मी जैसलमेरच्या बाजूने झुकते. दुबईच्या कार्यक्रमात तनूरा, बेली डान्स आणि आगीचे खेळ असतात. तनूरा पाहण्यासारखा आहे: नर्तक एकाच जागी कितीतरी वेळ गिरक्या घेतो, घेरदार रंगीत झगे एकामागून एक अंगावरून वर उचलतो आणि त्यांत लावलेले दिवे अंधारात फिरत राहतात. पण ही कला मूळची इजिप्तची आहे, आणि बेली डान्सही अमिरातीचा नव्हे. कार्यक्रम उत्तम बसवलेला असतो, रोज तोच असतो, आणि साडेआठ-नऊला गाड्या परत निघतात. रमजानच्या महिन्यात नाचाचा भाग सहसा वगळलेला असतो आणि हा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा फेब्रुवारी-मार्चचा बेत करताना तारखा तपासाव्यात.

जैसलमेर-बाडमेर भागातील मांगणियार हे पिढ्यान्‌पिढ्या गाणारे मुसलमान कलावंत आहेत. त्यांचे यजमान, म्हणजे त्यांना आश्रय देणारी घराणी, बहुतांशी राजपूत, आणि त्या घरच्या जन्मापासून लग्नापर्यंतची गाणी, कृष्णाची भजने हेच गातात. कालबेलिया समाजाच्या नृत्य-गायनाचा समावेश युनेस्कोने २०१० मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत केला. मात्र वाळवंटात गेल्यावर हे आपोआप ऐकायला मिळेल असे समजू नये. समच्या मोठ्या कॅम्पवर दोन लोकगीते आणि एक कालबेलिया झाला की डीजे सुरू होतो आणि शेजारच्या चार कॅम्पांचे डीजे त्याच्यात मिसळतात. खुरीला आम्ही बारा माणसे होतो. एक म्हातारे गृहस्थ कमायचा हे गजाने वाजवायचे तंतुवाद्य घेऊन शेकोटीपाशी बसले होते. चामडे मढवलेला वाद्याचा गोल लाकडी भाग मांडीवर, हातात गज. बाजूला त्यांचा नातू दोन्ही हातांतल्या लाकडी खडतालांच्या पट्ट्या इतक्या वेगाने वाजवत होता की बोटे दिसत नव्हती. ध्वनिवर्धक नव्हता. मांड ही राजस्थानी गायकी ऐकता ऐकता शेकोटी विझत आली तरी कोणी उठले नाही, आणि सासऱ्यांनी “अजून एक होईल का?” असे दोनदा विचारले. कॅम्प ठरवताना फोनवर हाच प्रश्न विचारावा: डीजे आहे का, आणि गाणारे कोण आहेत? उत्तर देताना समोरचा माणूस अडखळला तर दुसरा कॅम्प पाहावा.

या गोंगाटाचा आणखी एक पैलू आहे. सम आणि खुरी ही दोन्ही गावे डेझर्ट नॅशनल पार्कला लागून आहेत. आपल्या सोलापूरजवळ नान्नजला ज्या माळढोकासाठी अभयारण्य केले, त्याचे शेवटचे मोठे आश्रयस्थान हेच माळरान आहे आणि देशभरात हे पक्षी दीडशेच्या आसपासच उरले आहेत. गोंगाट टाळायचा तर दुबईतही पर्याय आहे. तिथल्या २२५ चौरस किलोमीटरच्या संरक्षित वाळवंटात मोजक्याच कंपन्यांना सहली नेता येतात आणि १९७२ मध्ये रानातून नाहीसा झालेला अरबी ऑरिक्स हा हरणासारखा प्राणी तिथे कळपाने चरताना दिसतो. ही सहल सामायिक सहलीच्या कितीतरी पट महाग आहे. तरीही दुबईला जाणारच असाल आणि गाडीचे हिसके नको असतील, तर वेगवेगळ्या तीन स्वस्त करमणुकींवरचे पैसे वाचवून ही एक घ्यावी, असे मी सुचवेन.

थंडीचा अंदाज मुंबईकरांचा नेहमी चुकतो. दुबईला हिवाळ्याच्या रात्री एक जाकीट पुरते, जैसलमेरला जानेवारीत पारा आठ अंशांखालीही उतरतो आणि तंबूत मुक्काम असल्याने कानटोपी, लोकरीचे मोजे आणि शाल हवीच. मे महिन्याच्या सुट्टीत यांपैकी कुठेही जाऊ नये.

कच्छचे पांढरे रण हा तिसरा पर्याय पुष्कळ जण विचारतात. तिथे वाळू नाही, मीठ आहे. उंटावर बसण्यापेक्षा उंटगाडीतून जायचे असते आणि पौर्णिमेच्या रात्रीसाठीच जायचे असते. भूजपर्यंत मुंबईहून थेट रेल्वे असल्याने ज्येष्ठांना ते सोपे पडते.

शाळकरी मुले आणि चार दिवस असतील तर दुबई, स्वतंत्र गाडीसह. आई-वडील बरोबर असतील आणि आठवडा मोकळा असेल तर जैसलमेरचा किल्ला पाहून खुरीला एक रात्र. आमच्याकडे यंदा जानेवारीचे ठरले आहे, आणि सासूबाईंनी उंटगाडीचे आत्ताच फोन करून सांगायला लावले आहे.