बोटीच्या हलसाठी कोणता फिलर? एक हंगाम पाण्यात काढल्यानंतरचा अनुभव

बोट हंगामभर पाण्यात राहून पुन्हा वर आली आहे, त्यामुळे तिच्या फायबरग्लासच्या हलमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, भरलेल्या मालाबद्दल (फिलरबद्दल) आता जरा ठामपणे लिहितो. सगळ्या खड्ड्यांना चालेल असा एक डबा मिळत नाही. खड्डा कुठे आहे आणि तिथे जोर किती येतो, यावर सगळं ठरतं.

ईपॉक्सी रेझिन (दोन भाग मिसळले की घट्ट होणारा चिकट द्रव) मी एकच ठेवलं, फक्त त्यात मिसळायची पूड जागेप्रमाणे बदलली. कीलच्या (बोटीच्या तळाच्या कण्याच्या) सांध्याजवळ आणि बोल्टच्या भोकांभोवती सिलिकाची बारीक पूड घातली. या जागा आज पाहिल्या तर केसाएवढीही चीर नाही. उभ्या बाजूवरही माल खाली ओघळत नाही, हा सिलिकाचा मोठा गुण. पण एकदा सुकली की घासताना घाम काढते, पॉलिश पेपर संपतो आणि आजूबाजूचा जेलकोटच (हलचा बाहेरचा गुळगुळीत थर) आधी झिजतो. म्हणून ओली असतानाच पत्रीने (माल ओढायच्या पातळ पात्याने) सपाट करून घ्यावी, नंतर घासू म्हणून उंचवटा ठेवू नये.

पाण्याच्या रेषेच्या वरच्या उथळ पोच्यांना काचेचे मायक्रोबलून्स, म्हणजे अगदी बारीक पोकळ गोळे, वापरले. हे घासायला हलके, आकार झटपट येतो. जोर घेण्याच्या जागी मात्र यांचा उपयोग नाही. शिवाय घासताना वरचे पोकळ गोळे फुटतात आणि रंगाचा पहिला हात दिला की सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसू लागतात. त्यावर नुसतं रेझिन पत्रीने दाबून ओढलं की ती बुजतात. थोडी सिलिका मिसळली तर ओघळणंही थांबतं. माझं बहुतेक काम या मिश्रणावरच झालं. पाण्याखाली मायक्रोबलून्स अगदी पातळ थरातच आणि वर ईपॉक्सीचे दोन-तीन हात देऊनच वापरावेत. तपकिरी रंगाचे फिनॉलिक (काचेऐवजी प्लास्टिकचे) असतील तर मी पाण्याखाली लावणारच नाही.

गाड्यांच्या पत्र्याचे पोचे भरायची पॉलिएस्टर लांबी (पुट्टी) स्वस्त आणि झटपट, हे खरं. पण तिच्यात बहुधा टाल्क (टाल्कम पावडरमधली पूड) असतं आणि ते पाणी धरून ठेवतं. सुकाणूजवळ आधीच्या मालकाने भरलेला तसाच एक गोळा या वेळी खरवडला. वरचा रंग ठीक होता, आतला माल ओलसर आणि नखाने उकरता येईल इतका मऊ. बाजूची जागा वाळायला खूप दिवस गेले.

चीर हलच्या आतल्या काचेच्या कापडाच्या थरापर्यंत गेली असेल तर कुठलीच पूड कामाची नाही. कडा जाडीच्या साधारण बारापट अंतरापर्यंत उतरती घासून तशाच कापडाचे थर द्यावे लागतात.

ईपॉक्सीची खोडी वेगळीच. सुकल्यावर बऱ्याच प्रकारांत वर मेणचट थर येतो. तो पाणी आणि खरखरीत स्क्रबरने आधी धुवायचा, मगच घासायचं, नाहीतर पेपर भरून जातो आणि पुढचा हात नीट धरत नाही. वर पॉलिएस्टर जेलकोट द्यायचा विचार असेल तर ही धुलाई टाळूच नका, नाहीतर तो चिकट राहू शकतो. मी जेलकोटच्या फंदात न पडता दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग मारला, तो छान टिकलाय.

मिसळताना माल खोल डब्यात ठेवू नका, आतल्या आत तापून धूर निघतो. पसरट ट्रेमध्ये थोडा थोडाच काढा. सिलिकाची पूड इतकी हलकी असते की पंखा चालू असेल तर अर्धी हवेत जाते, तेव्हा मास्क घालूनच पिशवी उघडा.