व्हिंटेज की जुनी टॉनी? उघड्या बाटलीने दिलेलं उत्तर

पोर्टचा, म्हणजे पोर्तुगालच्या गोड आणि कडक वाइनचा, नाद लागलेली बहुतेक माणसं एकाच वाटेने पुढे सरकतात. आधी रूबी, म्हणजे साधी, कोवळी लाल पोर्ट, कारण ती गोड असते आणि पहिल्या घोटातच कळते. मग कुणीतरी एलबीव्ही (लेट बॉटल्ड व्हिंटेज, म्हणजे उशिरा बाटलीत भरलेली एकाच वर्षाची पोर्ट) पाजतं आणि रूबी एकदम पोरकट वाटायला लागते. पुढचा मुक्काम व्हिंटेजचा, म्हणजे एकाच निवडक वर्षाच्या पोर्टचा. तिथे माणूस वर्षं पाठ करतो: १९६३, १९७७, १९९४, २०११. आणि मग बऱ्याच काळाने, जरासा ओशाळून, तो कबूल करतो की हल्ली घरात टॉनीच, म्हणजे लाकडी पिंपांत मुरलेली पोर्टच, जास्त असते.

मी याच वाटेने आलो. त्यामुळे व्हिंटेजच्या बाटल्या साठवाव्यात की वीस वर्षांची टॉनी घ्यावी, अशा पेचात तुम्ही असाल तर माझा अनुभव सांगतो. तुमची जीभ वेगळी असू शकते, हे आधीच मान्य.

गोडवा, कडकपणा, पोर्टची द्राक्षं पिकतात ते डौरो नदीचं खोरं वगैरे तुम्हाला ठाऊक आहेच. माझ्या मते दोघींतला खरा फरक इतकाच, की थांबायचं काम कुणी करायचं. व्हिंटेज सुगीनंतर दोनेक वर्षांत, न गाळता बाटलीत भरतात आणि पुढची वीस-तीस वर्षं तुमच्यावर सोपवतात. अंधार, थंडावा, आडवी ठेवणं, मोह आवरणं, सगळं तुमच्याकडे. टॉनीचं थांबणं मात्र तिकडेच उरकलेलं असतं. पोर्तोसमोरच्या व्हिला नोव्हा दि गायात किंवा वर डौरोतच ती साधारण साडेपाचशे लिटरच्या पिंपांत वर्षानुवर्षं पडून असते, दरवर्षी थोडी हवेत उडते, रंग उतरत जातो आणि फळाच्या जागी अक्रोड, संत्र्याची साल, जळत्या साखरेचा वास येतो. बाटली हातात पडते तेव्हा ती तयार असते.

व्हिंटेजवर अन्याय नको. चांगली व्हिंटेज जमून आली की तिच्यापुढे टॉनी थोडी शहाणी, थोडी बेतशीर वाटते. कोवळी व्हिंटेजही मला आवडायची. शाईसारखा रंग, मिरीचा चटका, दातांवर चढणारा तुरटपणा. जाणकार नाक मुरडायचे, पण त्या वयात जिभेला धक्काच हवा असतो. त्यानंतर या बाटल्यांची काही मुकी वर्षं येतात. ताजं फळ ओसरलेलं असतं आणि मुरलेली चव अजून आलेली नसते. त्या काळात उघडली तर पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. २०१६ आणि २०१७ ही लागोपाठची दोन्ही वर्षं पोर्ट बनवणाऱ्या बऱ्याच मोठ्या घराण्यांनी व्हिंटेज म्हणून जाहीर केली. एरवी असं सहसा होत नाही, दशकात साधारण तीन वर्षं निघतात. तेव्हा मी दोन्हींच्या बाटल्या घ्यायला निघालो होतो. मग त्या पिकतील तेव्हा आपलं वय किती असेल, याचा हिशेब केला आणि हात आखडता घेतला.

पण माझं मन फिरवलं ते वयाने नव्हे, एका १९८३च्या बाटलीने. नाव सांगत नाही, दोष त्या घराण्याचा नव्हता. दोन दिवस आधीच बाटली उभी केली, गाळ तळाशी बसावा म्हणून. बूच अर्ध्यात तुटलं. उरलेला अर्धा भाग भुगा होऊन आत पडला. मग मलमलचं फडकं, डिकँटर (वाइन गाळून ओतायची काचेची सुरई), बाटलीच्या मानेखाली मेणबत्ती आणि ओतताना धरलेला श्वास. सहा जणांना बोलावलं होतं. तिघे आले. त्यातल्या एकाला गाडी चालवायची होती आणि एकाने अर्ध्या पेल्यावर ‘फार गोड आहे हो’ म्हणून हात वर केले.

त्या रात्री ती अप्रतिम होती, हे नाकारू कसं? सुकं अंजीर, चामडं, जुन्या लाकडी कपाटाचा वास. दुसऱ्या संध्याकाळी वरचा सुगंध उडाला होता, गोडवा तेवढा तसाच होता. तिसऱ्या दिवशी दारू वेगळी आणि साखर वेगळी लागायला लागली. मी फ्रिजमध्ये ठेवून पाहिली, हवा काढायचा पंप वापरून पाहिला. जुन्या व्हिंटेजला त्याचा फारसा उपयोग होत नाही, निदान माझ्या हातून झाला नाही. निम्मी बाटली शेवटी सॉसमध्ये गेली. माझ्याहून जास्त वर्षं धीर धरलेल्या वाइनचं हे असं!

त्यानंतर एक गोष्ट लक्षात आली. मी व्हिंटेज उघडणंच टाळू लागलो होतो. या प्रसंगाला नको, माणसं कमी आहेत. त्या प्रसंगाला नको, त्यांना कळणार नाही. कधी उघडायचं ते बाटली ठरवणार आणि मी तिच्या सोयीने हजर राहणार.

टॉनीत ही कटकट नाही. प्लास्टिकची टोपी असलेलं बूच हाताने निघतं, गाळ नसतो, डिकँटर लागत नाही. थोडी गार करून छोटा पेला भरायचा आणि बाटली परत फ्रिजमध्ये. महिनाभर तर मला फरकच कळत नाही. पाचव्या-सहाव्या आठवड्यात अक्रोडाचा वास जरा मंद वाटतो. घरच्यांच्या मते तोही माझ्या मनाचा खेळ आहे.

टॉनीतही निवड करावी लागतेच. लेबलवरचा १०, २०, ३०, ४० हा आकडा किमान वय सांगत नाही. ते मिश्रण त्या वयाच्या धाटणीचं आहे, एवढंच तो सांगतो आणि त्यावर पोर्टच्या सरकारी संस्थेच्या चाखणाऱ्यांचा शिक्का असतो. २०२२पासून ५० हाही आकडा अधिकृत झाला. दहाची टॉनी मला अजून अर्धवट वाटते. चाळीसची इतकी आटलेली असते की एका घोटावर थांबावं लागतं. वीस माझी. बाटलीत भरल्याचं वर्ष लेबलवर असतं, ते मात्र जरूर पाहा. टॉनी बाटलीत सुधारत नाही, त्यामुळे अलीकडे भरलेली घेतलेली बरी.

वीसची टॉनी दर वेळी तशीच लागते, ही तक्रार खरी आहे. मिश्रणाचा हेतूच तो. वर्षाचा स्वभाव हवा असेल तर कोल्येइता पाहा: एकाच सुगीची, निदान सात वर्षं लाकडात राहिलेली टॉनी. ती बनवणाऱ्या घराण्यांत कोप्के, नीपोर्ट ही नावं आधी आठवतात. व्हिंटेजचं वर्षांचं वेड आणि टॉनीची सोय, दोन्ही थोडंथोडं तिच्यात मिळतं.

आवड बदलते म्हणजे नेमकं काय, हे मला अजून नीट सांगता येत नाही. जीभ बदलली असेल. पण रात्री जेवणानंतर एकच पेला पुरेसा वाटायला लागला आणि टॉनी गोड लागायला लागली, हे एकाच सुमारास घडलं. माझ्या ओळखीत उलट्या वाटेने गेलेलेही आहेत. टॉनीला कंटाळून ते न गाळलेल्या एलबीव्हीकडे परतले. ती चार ते सहा वर्षं मुरवून भरलेली असते, गाळ थोडाच असतो आणि उघडल्यावर दोन-चार दिवस टिकते. मधला मार्ग म्हणून ती वाईट नाही.

घरात नुकतं मूल जन्मलं असेल आणि ते वर्ष व्हिंटेजचं निघालं, तर व्हिंटेजच घ्या, मी अडवणार नाही. महिन्याला जमणारं पाच-सहा जणांचं टोळकं असेल किंवा स्टिल्टन या निळ्या बुरशीच्या इंग्लिश चीजशिवाय तुमचं जेवण संपत नसेल, तरीही व्हिंटेजच. बाकीच्यांनी, म्हणजे बहुतेक सगळ्यांनीच, एक वीसची टॉनी घेऊन महिनाभर पिऊन पाहावी, असं मला वाटतं.

माझ्याकडे २०११च्या तीन बाटल्या अजून आडव्या आहेत. टॉनीची फ्रिजच्या दारात उभी आहे, निम्म्याच्या खाली आलेली.